चार पौंड मांस आणि चार तासांचा दंड: मेन्दोसातला डाव रडीचा होता का?

‘द अमेझिंग रेस’ ही अमेरिकी टीव्ही-स्पर्धा पाहणाऱ्यांत एक वाद वीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. सातव्या पर्वात, २००५ साली, अर्जेंटिनातल्या मेन्दोसा इथे रॉब मारियानोने मांस खाण्याचं आव्हान अर्ध्यावर सोडलं. त्याबद्दल चार तासांचा दंड स्वीकारला आणि आणखी दोन जोड्यांनाही ताटावरून उठायला लावलं. तो त्या टप्प्यातून वाचला, पुढे अंतिम फेरीपर्यंत गेला आणि दुसरा आला. कोणी म्हणतं, या स्पर्धेत खेळली गेलेली ही सर्वांत हुशार खेळी. कोणी म्हणतं, हा निव्वळ रडीचा डाव. मी पहिल्या बाजूचा आहे. पण ही बाजू घेणारे बरेचदा ‘नियमात बसतं ना, मग झालं’ एवढ्यावर थांबतात, आणि ते मला पुरेसं वाटत नाही. त्याच पर्वात नियमात बसणारी आणखी एक गोष्ट घडली, तिचं समर्थन मी करू शकत नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

आधीची गोष्ट

स्पर्धेची रचना जुनी आणि सोपी आहे. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, आई-मुलगा अशा नात्यातल्या दोघादोघांच्या जोड्या जगभर फिरतात. प्रत्येक टप्प्याला मोजके पैसे, चिठ्ठीतून पुढचा पत्ता, वाटेत आव्हानं. ‘डीटूर’मध्ये दोन कामांपैकी एक निवडायचं असतं. ‘रोडब्लॉक’मध्ये जोडीतल्या एकानेच काम करायचं असतं, आणि कोण करणार हे पूर्ण काम कळण्याआधी ठरवावं लागतं. टप्प्याच्या शेवटी ‘पिट स्टॉप’च्या चटईवर जी जोडी सर्वांत शेवटी पोचते, ती बहुतेक वेळा घरी जाते. पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर. सप्टेंबर २००१ मध्ये हा कार्यक्रम सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाला, आणि आपल्याकडे अनेकांनी तो एएक्सएन वाहिनीवर पाहिला.

सातव्या पर्वात अकरा जोड्या होत्या. त्यातली एक निघण्याआधीच सगळ्यांच्या डोळ्यांवर आलेली होती: रॉब आणि अँबर. दोघं ‘सर्व्हायव्हर’ या दुसऱ्या टीव्ही-स्पर्धेतून आलेले. तिथे बाद झालेल्या स्पर्धकांची ज्युरी शेवटी मतं देऊन विजेता निवडते. २००४ च्या ‘सर्व्हायव्हर: ऑल स्टार्स’मध्ये अँबर जिंकली, रॉब उपविजेता ठरला, मतं ४-३ अशी पडली. त्याच अंतिम सोहळ्यात, निकाल वाचला जाण्याआधी, रॉबने तिला लग्नाची मागणी घातली. त्या पर्वात रॉबने दिलेले शब्द मोडले होते, आणि ज्युरीतल्या लोकांनी ते त्याला तोंडावर ऐकवलं होतं. म्हणजे मेन्दोसात तो ताटावर बसला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याबद्दलचं मत आधीच बनवलेलं होतं. इतरांच्या मनातही हेच होतं: यांच्याकडे आधीच दहा लाख डॉलर आहेत, प्रसिद्धी आहे, परदेशातही लोक यांना ओळखतात, मग हे इथे कशाला?

ही तक्रार मला रास्त वाटते. रस्ता विचारताना समोरच्याने तुम्हाला टीव्हीवर पाहिलेलं असेल, तर मदत लवकर मिळते. पण ती तक्रार निवड करणाऱ्यांशी आहे. मेन्दोसातल्या टेबलाशी तिचा संबंध नाही.

टेबलावर काय होतं

चिलीतल्या सांतियागोहून अँडीज ओलांडून जोड्या अर्जेंटिनात मेन्दोसाला आल्या. तिथला रोडब्लॉक म्हणजे आसादो खाणं. आसादो ही अर्जेंटिनाची निखाऱ्यावर मांस भाजण्याची पद्धत. तिकडच्या माणसाला विचाराल तर ती रविवारची घरची बैठकच. त्यात गाईच्या बरगड्या असतात, सॉसेज असतात, रक्त घालून केलेलं सॉसेज असतं, गुर्दे आणि आतडीही असतात. तिथे हे सगळं थोडंथोडं, गप्पा मारत, तासन्‌तास खातात. स्पर्धेत ते एका माणसाने एकाच बैठकीत संपवायचं होतं, आणि वजन होतं चार पौंड, म्हणजे सुमारे १.८ किलो.

एका माणसाच्या पोटात १.८ किलो मांस जाणं म्हणजे काय, याचा अंदाज पडद्यावरून चटकन येत नाही. पहिला अर्धा किलो भूक खाते. त्यानंतर चरबी आडवी येते. चरबीमुळे पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, त्यामुळे थांबून थांबून खाल्लं तरी पोटात जागा होत नाही. शिवाय आतडी आणि गुर्दे चावायला चिवट. ज्याला त्या चवीची सवय नाही, त्याचं तोंड पोटाआधी थकतं. ताटाशी बसलेले स्पर्धक घास गालात धरून नुसते बसलेले दिसतात, चावायची इच्छा संपलेली. जोडीदार बाजूला उभा राहून धीर देतो, पण एक तुकडाही उचलू शकत नाही.

रॉबने बरंच खाल्लं. मग थांबला आणि हिशोब मांडला.

हिशोब

नियम असा होता की रोडब्लॉक पूर्ण केला नाही तर चार तासांचा दंड. हा दंड बहुतेक जोड्या शिक्षा म्हणून बघत होत्या. रॉबने तो किंमत म्हणून बघितला: मांस संपवायला मला किती वेळ लागेल, संपेल तरी का, आणि त्यापेक्षा चार तास स्वस्त पडतात का?

पण एवढ्याने भागत नव्हतं. तो एकटाच उठला असता आणि बाकी सगळ्यांनी ताट संपवलं असतं, तर तो जवळजवळ नक्की शेवटचा ठरला असता. या स्पर्धेत बाद होण्यासाठी तुमची वेळ किती आहे हे कोणी विचारत नाही. तुमच्या मागे कोणी आहे का, एवढंच बघितलं जातं. त्याला स्वतःचा वेळ वाचवायची गरज नव्हती, मागे कोणीतरी हवं होतं.

एक काल्पनिक वेळापत्रक मांडून बघू. समजा रॉब दुपारी बारा वाजता उठला आणि दंड लगेच सुरू झाला, तर चार वाजता तो मोकळा. दुसरी जोडी वीस मिनिटांनी उठली, तर ती चार वीसला मोकळी. तिसरी आणखी वीस मिनिटांनी, म्हणजे चार चाळीसला. दंड सर्वांना सारखाच, त्यामुळे सोडण्याचा क्रम हाच निघण्याचा क्रम ठरतो. आधी सोडेल तो पुढे. आता रॉबला सगळ्यांना हरवायचं नाहीये, फक्त त्याच्यानंतर उठलेल्यांच्या पुढे राहायचंय. एक जोडी जरी मागे आली तरी शेवटच्या जागेचा धोका तिच्याकडे सरकतो. दोन आल्या तर त्याला झोप लागायला हरकत नाही.

म्हणून तो बोलू लागला. आपण सोडतोय हे त्याने लपवलं नाही, उलट मोठ्याने सांगितलं. तुम्हीही सोडलंत तर आपण सगळे एकाच जागी येतो, सगळ्यांनाच चार तास, मग हाल कशाला करून घ्यायचे? रे आणि डिआना ही जोडी उठली. मेरेडिथ आणि ग्रेचन हे निवृत्त वयाचं जोडपंही उठलं. बाकीचे खात राहिले. त्या टप्प्यात घरी गेली ती दोन मैत्रिणींची जोडी. गाडी चुकीच्या दिशेला लागल्याने त्यांचे काही तास आधीच रस्त्यात गेले होते.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. रॉबच्या पाठीराख्यांना ते फारसं आठवत नाही. त्या मैत्रिणी रस्ता चुकल्या नसत्या, तर उठलेल्या तीन जोड्यांपैकीच कोणीतरी घरी गेलं असतं, आणि हिशोबानुसार ते रॉब-अँबर नसते. म्हणजे रॉबने मागे आणलेल्या माणसांवर खरा धोका टाकला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही, एवढंच.

फसवलं का?

विरोधातला सर्वांत जोरदार मुद्दा हाच. ‘आपण सगळे सारखे’ असं सांगून त्याने थकलेल्या लोकांना आपल्या मागे उभं केलं, आणि सारखे ते नव्हतेच, कारण तो आधी उठला होता.

मी या मुद्द्यावर बराच विचार केलाय. रॉब जे बोलला त्यात खोटं काय होतं? दंड चार तासांचा होता, हे खरं. सगळ्यांना सारखाच होता, हेही खरं. तो स्वतः सोडणार होता, आणि त्याने सोडलंही. त्याने आपला फायदा मोठ्याने सांगितला नाही, पण तो फायदा ताटाशी बसलेल्या प्रत्येकाला कळण्याजोगा होता. घड्याळ सगळ्यांना दिसत होतं. स्पर्धेत समोरच्याने आपलं गणित आपल्याला करून द्यावं अशी अपेक्षा नसते. गणिताचे आकडे खोटे देऊ नयेत, एवढी मात्र असते. ते त्याने पाळलं.

आणि उठलेल्यांचं नुकसान झालं का? त्यांनी खात राहून मांस चार तासांच्या आत संपवलं असतं, तर हो. पण ज्याच्या तोंडातून घास खाली उतरत नाहीये, त्याच्यासाठी उठणं हा शहाणपणाचाच निर्णय असू शकतो, मग सुचवणारा कोणीही असो. मेरेडिथ आणि ग्रेचन पुढे शेवटच्या चार जोड्यांपर्यंत टिकले. वय बघता ते मला या पर्वातलं सर्वांत कौतुकाचं वाटतं, आणि मेन्दोसात ताटाशी झुंजत बसणं त्यांच्या हिताचं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप स्पर्धेच्या आत्म्याचा. आव्हान दिलंय तर पूर्ण करा, दंड हा नाइलाजाने घ्यायचा असतो. इथे मला २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे-घाना सामना आठवतो. जोहान्सबर्गमध्ये उपांत्यपूर्व फेरीच्या अगदी शेवटच्या क्षणी लुईस सुआरेझने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, ती वाया गेली, आणि शूटआउटमध्ये उरुग्वे जिंकलं. सुआरेझने नियम मोडला आणि नियमात लिहिलेली किंमत मोजली. तरी अर्ध्या जगाने त्याला चोर म्हटलं. रॉबने तर नियम मोडलाही नाही. हात लावणं फुटबॉलमध्ये निषिद्ध आहे. आव्हान सोडणं या स्पर्धेत निषिद्ध नाही, त्याचा दर फक्त आधीच ठरलेला आहे.

दंडाचा दर लावला की माणसं तो किंमत म्हणूनच बघू लागतात, याचा एक गाजलेला अभ्यास आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड सुरू केला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पूर्वी उशीर झाला की शिक्षिकेपुढे संकोच वाटायचा. आता पैसे भरले की हिशोब मिटला. दंड मागे घेतल्यावरही उशीर पूर्वीइतका कमी झाला नाही. मेन्दोसातही हेच झालं. ‘अर्धवट सोडणं लाजिरवाणं’ ही भावना तोवर स्पर्धकांना ताटाला बांधून ठेवत होती, आणि रॉबने ती चार तासांच्या किमतीत बदलून दाखवली. एकाने उघडपणे सोडलं की दुसऱ्याची लाजही जाते. बोलण्याचं कसब त्याच्याकडे होतंच, पण माझ्या मते खरं काम केलं ते या उघडपणाने.

मग राग कुठे यायला हवा

मेन्दोसात मी रॉबची बाजू घेतो. काही टप्प्यांनंतर बोट्स्वानात मात्र नाही.

तिथे गाडी चालवताना दोन भावांची गाडी उलटली आणि त्यांच्याबरोबरचा कॅमेरामन जखमी झाला. रॉब आणि अँबर तिथून गेले. गाडी उलटलेली दिसत होती. ते थांबले नाहीत. त्यांच्या बाजूने म्हणता येईल की कार्यक्रमाची माणसं जवळपास होती आणि मदत पोचणारच होती. नियमात थांबण्याची सक्ती नव्हती, दंडही नव्हता. पण ज्या क्षणी समोरचा माणूस स्पर्धक उरत नाही आणि जखमी माणूस होतो, त्या क्षणी ‘नियमात बसतं’ हे उत्तर मला मान्य नाही. इतर स्पर्धक थांबले होते. म्हणजे थांबणं शक्य होतं, आणि तसं करताना स्पर्धा कोसळली नाही.

प्रेक्षकांचं इथे चुकतं असं माझं ठाम मत आहे. मेन्दोसाला नाक मुरडणाऱ्यांपैकी अनेकांना बोट्स्वानाचा प्रसंग त्याच्याच पुढचा भाग वाटतो: बघा, हा माणूसच असा. आणि रॉबचे चाहते दोन्ही प्रसंग एकाच ढालीने झाकतात: स्पर्धा आहे, इथे कोणी सेवाभावाने आलेलं नाही. दोन्ही बाजू माणसाचा न्याय करतात, कृतीचा करत नाहीत. टेबलाशी बसलेले सगळे आपल्या मर्जीने खेळत होते आणि प्रत्येकाला उठण्याचा किंवा बसण्याचा पर्याय होता. रस्त्याकडेला जखमी झालेल्या कॅमेरामनने कोणताही डाव मांडलेला नव्हता.

या पर्वाचा शेवटही याच मापाने मोजता येतो. अंतिम फेरीत रॉब-अँबर, उचेन्ना-जॉयस आणि रॉन-केली राहिले. उचेन्ना आणि जॉयस हे ह्यूस्टनचं जोडपं भारतातल्या टप्प्यात, जोधपूरला, डोक्यावरचे केस उतरवून पुढे गेलं होतं. जॉयसच्या चेहऱ्यावरचं ते दुःख आणि तो निर्धार ज्याने पाहिला तो विसरणार नाही. शेवटच्या दिवशी प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून मायामीला जायचं होतं. रॉब-अँबर आधीच्या विमानात बसलेले. उचेन्ना-जॉयस पोचले तेव्हा दार बंद झालेलं होतं. कर्मचाऱ्यांनी विचारणा केली, वैमानिकाने होकार दिला आणि त्यांना आत घेतलं. निर्मात्यांनीच हे घडवून आणलं, असा संशय तेव्हापासून आजवर घेतला जातो. मला तो संशय कधी पटला नाही, पण तो का येतो ते समजतं. एका विमानकंपनीचा तो छोटा निर्णय दहा लाख डॉलरचा ठरला. रॉबच्या कोणत्याही चालीपेक्षा या प्रसंगात न्यायाचा प्रश्न मोठा आहे, कारण इथे निकाल कोणाही स्पर्धकाच्या हातात नव्हता.

मायामीत उचेन्ना-जॉयसकडे पैसे नव्हते. आधी एका टप्प्यात शेवटचे आल्यामुळे, बाद न करता, त्यांचे पैसे आणि सामान काढून घेतलं होतं. टॅक्सीचं भाडं पूर्ण होईना. शेवटची चटई हाकेच्या अंतरावर, रॉब-अँबर कुठे आहेत याचा पत्ता नाही, आणि उचेन्ना येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागत उभा. भाडं चुकतं केल्यावरच दोघं धावले आणि जिंकले. चालकाला तसंच सोडून पळता आलं असतं. ती मिनिटं बघताना मला दर वेळी घाम फुटतो, आणि तरीही त्यांनी तसंच करावं असं वाटतं.

दुरुस्ती करायची तर

मेन्दोसाचा दोष कुणाचा, असं विचारलं तर माझं उत्तर नियम करणाऱ्यांकडे बोट दाखवतं. चार तासांचा सपाट दंड हा बहुतेक कामांसाठी जड असतो, कारण बहुतेक कामं तासाभरात उरकतात. पण एखाद्या कामालाच कोणाला तीन-चार तास लागणार असतील, तर तो दंड स्वस्त होतो. कामाची लांबी बघून दंड ठरवायला हवा होता.

एक उपाय सुचवला जातो: सोडणाऱ्याचा दंड, काम पूर्ण करणारी शेवटची जोडी निघाल्यापासून मोजावा. म्हणजे सोडणारे सगळे पूर्ण करणाऱ्यांच्या मागेच राहतील. यात रॉबचं निम्मं गणित कोसळतं. उरलेलं निम्मं, म्हणजे कोणाला तरी आपल्या मागे आणायचं, ते तसंच राहतं, कारण सोडणाऱ्यांमधला क्रम कुठूनतरी ठरवावाच लागणार. आणि या उपायाची दुसरी बाजू मला जास्त खटकते. सोडणं इतकं महाग केलं की लोक ताटावरून उठणारच नाहीत. आधीच्या, पाचव्या पर्वात रशियात एक किलो कॅव्हियार, म्हणजे माशाची खारवलेली अंडी, खायला लावलं होतं, त्यातही स्पर्धकांचे हाल झाले होते. खाण्याच्या आव्हानात शरीराचा आकार, वय, सवय, पोटाची ताकद यांनी निकाल ठरतो. साठीतल्या बाईला आणि तिशीतल्या गड्याला एकाच वजनाचं ताट देऊन वर उठण्याची वाटही बंद करायची, याला मी न्याय्य म्हणणार नाही. अशी आव्हानं ठेवायचीच असतील, तर वजन कमी करावं, वेळेची मर्यादा घालावी, आणि सोडण्याचा पर्याय खरोखर वापरता येईल असा ठेवावा. मग कोणी तो वापरला, तर त्याला रडका म्हणण्याचा हक्क प्रेक्षकांनाही उरत नाही.